प्रिन्स्टनचा अंक आणि बडोद्याची पेटी

आगमन शताब्दीच्या स्मरणिकेसाठी ‘मुलांची पुस्तके आणि ग्रंथालये’ या विषयावर काहीतरी लिहा, असे संपादक मंडळींनी सांगितले तेव्हा पहिला प्रश्न पडला तो असा, की शंभर वर्षे मोजायची कुठून? समितीने जो आकडा धरला आहे तो धरून चालू. पण पुस्तकांच्या वाटेने मागे जाऊ लागले की शंभर वर्षे पुरत नाहीत. (आपल्या गावाची गंमत अशी, की १९३८ साली रेडिओवरच्या नाटकात मंगळावरचे लोक ग्रोव्हर्स मिलला उतरले, त्यांच्या न झालेल्या आगमनाचे स्मारक व्हॅन नेस्ट पार्कात उभे आहे. आपल्या खऱ्याखुऱ्या आगमनाची नोंद आपणच स्मरणिकेत करायची.)

तर सुरुवात शेजारच्या प्रिन्स्टनपासून करतो. रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी आधी अहमदनगरला आणि मग १८५२पासून कोल्हापुरात होते. तेथे त्यांनी शाळा चालवल्या. म्हातारपणी ते मायदेशी परतले, प्रिन्स्टनला स्थायिक झाले आणि १८७८मध्ये तेथून ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचे नियतकालिक काढू लागले. त्यांचा मुलगा रॉबर्ट कोल्हापुरात जन्मलेला. पुढे तो प्रिन्स्टनच्याच कॉलेजात शिकला. म्हणजे मराठी कानावर पडत वाढलेले पोर या परिसरात आले, ते एका गोऱ्या पाद्र्याच्या घरातून. आपली शताब्दी साजरी करताना ही गोष्ट जरा खट्याळपणे लक्षात ठेवायला हरकत नाही.

या वाइल्डरांच्या अंकात गोपाळराव जोशी यांचा पत्रव्यवहार छापून आला. गोपाळराव तेव्हा पोस्टखात्याच्या नोकरीत कोल्हापुरात होते. बायकोला अमेरिकेत शिकवायचे त्यांच्या मनात होते. वाइल्डरांनी पत्र छापले आणि सोबत धर्मांतराचा उपदेशही जोडला. मदत अशी काही झाली नाही. पण छापलेला कागद छापणाऱ्याच्या हातात राहत नाही. न्यू जर्सीतल्याच रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे गेल्या होत्या. तेथे बसल्या बसल्या त्यांनी पडलेला अंक उचलला आणि हे पत्र वाचले. १८८०मध्ये त्यांनी आनंदीबाईंना पहिले पत्र लिहिले. तीन वर्षे पत्रांची ये-जा झाली, आणि ४ जून १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटरबाई त्यांना आपल्या घरी रोझेलला घेऊन गेल्या. तेथूनच त्या फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या आणि ११ मार्च १८८६ला पदवी घेऊन बाहेर पडल्या. वेस्ट विंडसरहून रोझेल गाडीने तासाभराच्या अंतरात येते.

दंतवैद्याच्या बैठकीत टाकून ठेवलेले जुने अंक म्हणजे काही ग्रंथालय नव्हे. पण त्याचे काम तेच: एकाने वाचून झालेले दुसऱ्यासाठी ठेवायचे, आणि ते कोणाच्या हाती पडेल याची चिंता करायची नाही. मराठी बाईचे अमेरिकेतले पहिले मोठे पाऊल अशा ठेवलेल्या अंकामुळे पडले.

आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई विलायतेहून आल्या आणि पुढची सुमारे अडीच वर्षे या देशात राहिल्या. त्यांचे अमेरिकेवरचे मराठी पुस्तक १८८९मध्ये आले. व्याख्याने देत फिरत असतानाच त्यांनी फिलाडेल्फियात फ्रोबेलची बालोद्यान पद्धत शिकून घेतली. मूल हातात वस्तू घेऊन, चित्र पाहून, खेळून शिकते, हे त्यांनी येथे पाहिले आणि मुंबईला जाऊन शारदा सदन काढले तेव्हा ते सोबत नेले.

मराठी मुलांसाठी छापण्याचा धंदा तोवर नवा राहिला नव्हता. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचा ‘बाळमित्र’ १८२८चा. तो मूळ फ्रेंच, इंग्रजीवाटे मराठीत आलेला. ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक १८७३मध्ये अमेरिकन मिशनने काढले. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ १८८१चे, वासुदेव गोविंद आपटे यांचा ‘आनंद’ १९०६चा. पुस्तके होती, मासिके होती. पण ती विकत घेणाऱ्याच्या घरी जात. ज्याच्या घरी वर्गणीचे पैसे नाहीत त्या मुलाच्या हातात ती कशी जायची, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. ठाण्याला १८९३मध्ये आणि मुंबईला १८९८मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालये निघाली, त्यांचे ऋण मोठे आहे. पण ती मुख्यतः मोठ्यांची होती.

वर्गणी नसलेल्या मुलाची एक गोष्ट येथे सांगायलाच हवी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा शाळा सुटल्यावर वाचत बसलेला असे. विल्सन हायस्कूलचे कृष्णाजी अर्जुन केळुसकर त्या बागेत येत. त्यांनी त्या मुलाची विचारपूस केली, त्याला वाचायला पुस्तके दिली, आणि १९०७मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारसभेत आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. पुढे महाविद्यालयाच्या खर्चाची अडचण आली तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकणाऱ्यांत केळुसकर होतेच. तो मुलगा भीमराव आंबेडकर. जुलै १९१३मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला उतरले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पोटाला चिमटा काढून त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमवली होती असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९१७मध्ये परत जाताना सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते. ती बोट महायुद्धात बुडवली गेली. पुस्तके पुन्हा जमवली, हे सांगायला नको.

आता सयाजीरावांकडे. त्यांनी १९०६मध्ये अमेरिका पाहिली, तीही नुसती पाहुणचारासाठी नव्हे. बडोदे संस्थानात त्याच वर्षी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले होते. अडचण अशी, की चार इयत्ता शिकलेले पोर शेतावर गेले की दोन-तीन वर्षांत अक्षरे विसरते. वाचायला काही मिळालेच नाही तर शिकवून उपयोग काय? अमेरिकेत त्यांनी कोणालाही फुकट उघडी असलेली ग्रंथालये पाहिली. १९१०मध्ये ते पुन्हा आले आणि कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनच्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बोर्डन यांना नोकरीचे आमंत्रण देऊन गेले. प्रिन्स्टन जंक्शनवरून उत्तरेला जाणारा रेल्वेचा हाच मार्ग पुढे न्यू हेवनला जातो. आपण त्यावर रोज न्यूयॉर्कपर्यंत उभ्याने प्रवास करतो. पण मराठी आणि गुजराती मुलांच्या ग्रंथालयाचा पहिला कारागीर त्याच वाटेवरच्या गावातून निघाला होता, हे मला या लेखाची टिपणे काढीपर्यंत ठाऊक नव्हते.

बोर्डन बडोद्यात १९१३पर्यंत राहिले. तीन वर्षांत त्यांनी जे केले त्याची यादी लांब आहे. मी त्यातल्या दोनच गोष्टींवर थांबतो. १९११मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला, हिंदुस्थानातला अशा प्रकारचा पहिला. १९१२पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे त्रैमासिक निघू लागले; त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तिन्ही विभाग असत. म्हणजे पुस्तक कसे नोंदवावे, कसे लावावे, वाचकाला कसे द्यावे यावर मराठीत लिहिण्याची सोय शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झाली, आणि ती एका न्यू इंग्लंडच्या माणसाच्या देखरेखीखाली. सरकारवाड्यातल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला महाराजांनी आपल्या खासगी संग्रहातली सुमारे वीस हजार पुस्तके दिली. तेथे बायकांसाठी वेगळी व्यवस्था झाली आणि मुलांसाठी वेगळी खोली झाली. त्या खोलीत चित्रांची पुस्तके होती आणि खेळही होते. मुलाने आधी खेळायला यावे, मग पुस्तकाकडे वळावे, हा हिशेब त्यामागे होता. आजच्या आपल्या ग्रंथालयात मुलांच्या विभागात लाकडी आगगाडी मांडलेली दिसली की मला ती बडोद्याची खोली आठवते.

दुसरी गोष्ट पेटीची. गावोगाव इमारती बांधणे परवडत नाही, म्हणून लाकडी पेट्या तयार केल्या. एका पेटीत पंधरा ते तीस पुस्तके. शाळामास्तर किंवा गावातला कोणी जबाबदार माणूस ती मागवी, काही आठवडे ठेवून घेई, लोकांना वाचायला देई आणि परत पाठवी. नेण्या-आणण्याचा खर्च संस्थान सोसत असे. बोर्डन गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर आणि पुढे न्यूटन मोहन दत्त यांनी ही व्यवस्था वाढवली. कुडाळकर तर स्वतः अमेरिकेची ग्रंथालये पाहून आले होते. गावाने जितके पैसे जमवावे तितकेच पंचायतीने आणि तितकेच सरकारने घालायचे, असा तिहेरी हिशेब गावच्या वाचनालयांसाठी होता. फुकट मिळाले तर गावाला किंमत नसते, आणि सगळे गावावर टाकले तर वाचनालय निघतच नाही. या दोन्ही सत्यांना धरून केलेला हा हिशेब आजही कोणत्याही मंडळाच्या खजिनदाराने अभ्यासावा असा आहे.

बडोद्याचे कौतुक करताना तोंड गोड करून थांबणे बरे नाही. १९१७मध्ये कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आंबेडकर त्याच बडोद्याला करारानुसार नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले गेल्यावर ते कमाठी बागेत जाऊन बसले. ज्या राजाने खेड्यात पुस्तकांच्या पेट्या पोचवल्या, त्याच्याच राजधानीत, त्याच्याच शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसाची ही गत. मुंबईच्या बागेत पुस्तक देणारा भेटला, बडोद्याच्या बागेत डोके टेकायला जागा देणारा कोणी भेटला नाही.

इकडे अमेरिकेचे दार त्याच वर्षी लागले. १९१७च्या कायद्याने आशियातल्या बहुतेक लोकांना येण्यास बंदी झाली. विद्यार्थ्यांना तेवढी सवलत होती. १९२३मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला नागरिकत्व नाकारले. १९४६मध्ये दार किलकिले झाले तेही वर्षाला शंभर माणसांपुरते. त्यामुळे ज्या काळात या देशात मुलांची ग्रंथालये बहरली, त्या काळात येथे मराठी मुलेच नव्हती. न्यूयॉर्कच्या मोठ्या ग्रंथालयात अॅन कॅरोल मूर यांची मुलांची खोली १९११मध्ये उघडली. १९१९मध्ये बालपुस्तक सप्ताह सुरू झाला. आपल्या राज्यातल्या नेवार्कला जॉन कॉटन डाना या ग्रंथपालाने स्थलांतरितांच्या भाषांतली पुस्तके ग्रंथालयात आणली. आलेल्या माणसाला त्याच्या भाषेत वाचायला द्यावे, म्हणजे तो या देशाचाही लवकर होतो, अशी ती दृष्टी होती. तिचा लाभ युरोपातून आलेल्यांच्या मुलांना झाला. आपण रांगेत नव्हतो.

१९६५चा कायदा झाला आणि मग इंजिनियर आले, डॉक्टर आले, रूट वनवरच्या आरसीएच्या प्रयोगशाळेत आणि पुढे आसपासच्या कंपन्यांत लोक लागले. बटाट्याची शेते होती तेथे घरांच्या वसाहती झाल्या. १७९७मध्ये वेगळ्या झालेल्या या टाउनशिपची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत २९,५१८ भरली. शाळा चांगल्या म्हणून लोक येत गेले, हे आपणा सर्वांना माहीत आहे; त्यावर शाई खर्च करीत नाही.

पुस्तके आली ती बॅगांतून. वजनाची मर्यादा ठरलेली, त्यामुळे प्रत्येक वारीला लोणच्याची बरणी की ‘किशोर’चे अंक असा वाद. ‘किशोर’ बालभारतीने १९७१मध्ये सुरू केले. ‘चांदोबा’ मराठीत १९५२पासून. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आमच्या पिढीचा. ही सगळी आमची पुस्तके होती, आमच्या मुलांची नव्हती, हे कळायला मला फार वेळ लागला. आम्ही ती आणत होतो ती आपल्या आठवणींसाठी.

त्याची एक गोष्ट सांगतो, थोडी माझ्या फजितीची. तेव्हा आम्ही दुसऱ्या गावी राहत होतो. मुले मोठी झाली, तळघरात दोन खोके भरून मराठी बालपुस्तके पडली होती. मी ती मोठ्या अभिमानाने तेथल्या सार्वजनिक ग्रंथालयाला नेऊन दिली. मराठीचे कपाट होणार असे चित्र मनात रंगवले, घरी येऊन दोन-तीन मित्रांना फोनही केले. सहा महिन्यांनी ग्रंथालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत, पाककृतींच्या पुस्तकांशेजारी, माझ्या मुलीचे नाव लिहिलेली ‘श्यामची आई’ मला एका क्वार्टरला मिळाली. मी ती विकत घेतली. फार राग आला होता. मग तेथल्या बाईंशी बोललो. त्यांनी शांतपणे सांगितले: शीर्षक कोणाला वाचता आले नाही, त्यामुळे नोंद झाली नाही, नोंद नाही म्हणून कपाटात गेली नाहीत, आणि सहा महिन्यांत एकाही माणसाने मराठी पुस्तक आहे का, असे विचारले नाही. शेवटचे वाक्य लागले. मी स्वतःही विचारले नव्हते. पुस्तके टाकून मोकळा झालो होतो.

ग्रंथालयाच्या दृष्टीने पुस्तक हे दान नसते, फिरणारी वस्तू असते. जे बाहेर जात नाही त्याची जागा दुसऱ्याला मिळते. डॉ. रंगनाथनांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम, पुस्तके वापरासाठी असतात, हा मला त्या क्वार्टरमध्ये शिकायला मिळाला.

वेस्ट विंडसरला आल्यावर आम्ही काही कुटुंबांनी वेगळा मार्ग धरला, आणि तो नकळत बडोद्याचाच होता. प्लास्टिकचे झाकणाचे एक खोके, त्यात तीस पुस्तके, झाकणाच्या आत चिकटवलेली वही. महिनाभर एका घरी, मग दुसऱ्या. पहिल्या वर्षी खोके नुसते गॅरेजमधून गॅरेजमध्ये फिरले. वहीत पुस्तकांपुढे मुलांची नावे येईनात. कारण साधे होते: मुले मराठी समजत होती, थोडी बोलत होती, पण जोडाक्षर आले की थांबत. आणि आम्ही खोक्यात भरली होती ती आठवी-नववीच्या मुलाने वाचावी अशी पुस्तके. मग जाड पुस्तके काढली. माधुरी पुरंदरे यांची चित्रे असलेली छोटी पुस्तके आणली, ज्यात पानावर चार ओळी आणि घर, आई, शेजार सगळे चित्रात. प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ २०१५मध्ये सुरू झाले; तेथल्या मराठी गोष्टी छापून घ्यायला मुभा आहे, त्या छापून, टाचून खोक्यात टाकल्या. आणि सर्वांत मोठा बदल केला तो असा, की खोके ज्या घरी आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आलेले असतील त्या घरी आधी जाईल. वाचणारा मोठा माणूस घरात असला की वही भरते. आजी परत गेल्या की खोके हलते.

नंतर कळले की नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानातून विनायक रानडे यांनी २००९पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या नावाने पेट्याच पाठवायला सुरुवात केली आहे, आणि त्या दुबईसारख्या ठिकाणीही पोचल्या आहेत. आम्हांला वाटत होते कल्पना आमची. पेटी ही कोणाची मालकीची कल्पना नाहीच. पुस्तक थोडे, वाचक विखुरलेले आणि जागा नाही, असे झाले की माणसे पेटी करतात.

तरीही खोके ग्रंथालयाची जागा घेऊ शकत नाही, असे माझे मत झाले आहे. मंडळातल्या काहींना ते पटत नाही. ते म्हणतात, आपले खोके आपल्या ताब्यात आहे, त्यातले कोणी विकणार नाही. बरोबर आहे. पण खोक्यातले पुस्तक फक्त आपल्याच ओळखीच्या घरांत जाते. जे कुटुंब गेल्याच महिन्यात कार्नेगी सेंटरजवळच्या अपार्टमेंटमध्ये उतरले, ज्यांना अजून मंडळ माहीत नाही, ते पहिल्या आठवड्यात जातात नॉर्थ पोस्ट रोडवरच्या ग्रंथालयात. कार्ड फुकट असते, मुलाला आत बसवता येते. तेथे त्या मुलाला आपली लिपी कपाटावर दिसली पाहिजे. शिवाय आपल्याकडेही वाचनालयाला दार असले तरी ते सगळ्यांना सारखे उघडे होते असे नाही, हे कमाठी बागेची आठवण सांगते. सार्वजनिक ग्रंथालयात कोण कोणाचा हे कोणी विचारत नाही.

म्हणून यंदा आम्ही दान न करता मागणी करायचे ठरवले. शीर्षक देवनागरीत आणि रोमन लिपीत, लेखकाचे नाव, प्रकाशक, कोणत्या वयासाठी, दोन ओळींत इंग्रजीत विषय, अशी चिठ्ठी प्रत्येक पुस्तकासाठी तयार केली. नोंद करणाऱ्याला अडायला नको. आणि आलेले पुस्तक दर महिन्याला कोणीतरी घरी न्यायचेच, याची पाळी लावली. दहा कुटुंबांची नावे आली आहेत, बारा हवीत.

पहिली चिठ्ठी माझ्या नातीने दिली. ती नऊ वर्षांची आहे. काउंटरवरच्या बाईंनी तिला पुस्तकाचे नाव उच्चारून दाखवायला सांगितले. तिने सांगितले. त्यांनी म्हणून पाहिले, चुकले. तिने पुन्हा सांगितले, हळू, ‘ळ’वर जोर देऊन. तिसऱ्या खेपेस त्यांना जमले, तेव्हा मागे रांगेत चार माणसे उभी होती. पुस्तक अजून आलेले नाही. ती दर शनिवारी विचारते.